एकदा रडलेले मूल

छातीचे हाड न जुळता, हृदय उघडे घेऊन मूल जन्माला आले, तर पहिला सवाल आईलाच होतो : ग्रहणात बाहेर पडली होतीस का? चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांत हा सवाल धर्म पाहून विचारला जात नाही. पैगंबरांचा (स.) लहानगा इब्राहीम वारला त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक संबंध जोडू लागले, तेव्हा कुणाच्या जन्ममृत्यूसाठी ग्रहण लागत नाही, असे त्यांनी त्या दुःखातही बजावले. ही हदीस आम्हाला पाठ आहे. गरोदर सुनेला मात्र आम्ही ग्रहणात सुरी हाती धरू देत नाही!

गर्भाचे हृदय चौथ्या आठवड्यात धडधडू लागते. कित्येकींना तोवर दिवस गेल्याचेही कळलेले नसते. त्याच सुरुवातीच्या आठवड्यांत छातीची भिंत दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये मिळते. दहा लाख जन्मांत पाच-आठ वेळा ती मिळत नाही. यात आईने काय केले?

दुसरा शब्द ‘तकदीर’. तो जपून वापरावा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीच्या 39 खेड्यांत गावातल्याच बायांना नवजाताची काळजी शिकवली. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात नवजातांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटलेले दिसले. म्हणजे त्याआधी जंतुसंसर्गाने गेलेली कितीतरी बाळे तकदीरीने गेली नव्हती. उघड्या हृदयाचे बाळ मोठ्या शहरातही बहुधा वाचत नाही. तिथे तकदीर म्हणा. पण हृदयाला नुसते भोक असलेले, शस्त्रक्रियेने बरे होणारे मूल पर्लकोटेच्या पुरामुळे भामरागडातच अडकले, तर तीही तकदीरच का? जन्मजात दोषांची सरकारी तपासणी 2013 पासून आहे. तपासणीनंतर नागपूरपर्यंतचा रस्ताही पार व्हायला हवा.

मग जे वाचणारच नाही, त्याचे काय? घरातले मोठे म्हणतात, नाव कशाला ठेवता, आईला दाखवू नका. हे मायेपोटीच म्हणतात. पण आपला फिकह वेगळे सांगतो. जन्मून एकदा रडलेल्या मुलाला नाव, गुस्ल, जनाजा, सारे आहे. इतकेच नव्हे, ते वारसही ठरते. अर्ध्या तासाच्या जीवाला मिळकतीत हिस्सा आहे, आणि आईच्या कुशीत हिस्सा नाही? वेदना कमी करणाऱ्या औषधात नाही?

नावासाठी सातव्या दिवसाची वाट पाहावीच असेही नाही. इब्राहीमचे नाव तो जन्मला त्याच रात्री ठेवले होते.