हिशेब कोणाकडे मागावा?

वाचकहो, सकाळी मोटारगाडी अधिकृत विक्रेत्याच्या सर्व्हिस सेंटरच्या दारात उभी करावी, काउंटरवरील तरुणाच्या हाती किल्ली द्यावी, जॉब कार्डावर सही करावी आणि सायंकाळी बिल भरून गाडी घरी आणावी, हा व्यवहार आता आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा झाला आहे. वर्षातून एकदा, किंवा हल्लीच्या पुष्कळशा पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे 10,000 किलोमीटर झाल्यावर, इंजिनातील ऑइल बदलावयाचे असते. एवढ्याशा कामात विचार करण्याजोगे ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु ज्याचे काम आपण पाहत नाही, आणि पाहिले तरी ज्याची पारख करण्याचे ज्ञान आपल्यापाशी नाही, त्याच्यावर भरवसा ठेवणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न या क्षुल्लक व्यवहारात जितका उघडा पडतो तितका मोठमोठ्या व्यवहारांतही पडत नाही.

काम तसे साधे आहे. गाडी रॅम्पवर चढवून इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरचा नट काढावयाचा, गरम ऑइल खाली निथळू द्यावयाचे, जुना फिल्टर काढून नवा बसवावयाचा, नट वॉशरसह बेताने आवळावयाचा आणि वरून ठरलेल्या दर्जाचे ऑइल मोजून ओतावयाचे. लहान गाडीला ते साधारणतः तीन ते चार लिटर लागते. नट फाजील आवळला तर आटे जातात, सैल राहिला तर ऑइल वाटेत गळते. कमी ओतले तर वंगण अपुरे पडते. फार ओतले तर फिरता क्रँकशाफ्ट ते घुसळून त्याचा फेस करतो. यांपैकी गळती तेवढी आपल्याला दिसते आणि डिपस्टिक ओढून पाहिली तर पातळी कळते. ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे होते की नाही, फिल्टर नवा घातला की जुनाच पुसून ठेवला, हे मात्र कळत नाही. रंगावरून ओळखू म्हणावे, तर डिझेल गाडीत नवे ऑइलही काजळी पोटात घेऊन अल्पावधीतच काळे पडते, आणि ते काळे पडणे हे त्याने आपले काम केल्याचे लक्षण असते. हयगय झाली असेल तर तिचे फळ हजारो किलोमीटरनंतर येणार. तोपर्यंत ती हयगय कोणाची, हे ठरविण्याचे सर्व पुरावे नाहीसे झालेले असतात.

डार्बी आणि कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1973 साली याच पेचाचा विचार केला. काही वस्तूंचा कस घेण्यापूर्वीच पाहता येतो, जसे कापड. काहींचा कस घेतल्यानंतर कळतो, जसा आंबा. परंतु काहींचा कस घेऊन, वापरूनही सामान्य ग्राहकाला कळत नाही. या तिसऱ्या प्रकाराला त्यांनी 'क्रिडेन्स गुड्स' असे नाव दिले, आणि त्याच्या उदाहरणांत मोटार-दुरुस्तीला स्थान दिले. प्रेषितांच्या मतांगीकाराचा लॅटिन भाषेतील पहिला शब्द 'क्रेदो' आहे. हे नाव त्याच कुळातले. श्रद्धेचा शब्द गॅरेजात जाऊन बसला, याची गंमत वाटते.

भाषांतराच्या मेजाशी आयुष्य घालविलेल्या माणसाचे लक्ष अशा वेळी शब्दांकडे वळणारच. वाचकांनी थोडा धीर धरावा. आपल्या 'विश्वास' या शब्दाच्या मुळाशी 'श्वस्' हा संस्कृत धातू आहे. निर्धास्तपणे श्वास घेता येणे, असा त्याचा भाव. म्हणजे हा शब्द विश्वास ठेवणाऱ्याच्या मनाची अवस्था सांगतो. हिब्रू भाषेतील 'एमूना' हा शब्द दुसऱ्या बाजूने येतो. अमालेकाशी लढाई चालू असता अहरोन व हूर यांनी मोशेचे हात आधार देऊन धरले आणि सूर्यास्तापर्यंत ते हात ढळले नाहीत, असे निर्गमच्या सतराव्या अध्यायात सांगितले आहे. तेथे त्या न ढळण्याला मूळ भाषेत हाच शब्द आहे. माझ्या मनाला किती स्वस्थ वाटते याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ज्या हातावर भार टाकला तो हात स्थिर आहे काय, एवढेच तो विचारतो. 'आमेन' याच धातूपासून झाला. आणि अरबीतून आपल्याकडे आलेला 'इमान' हा त्याच सेमिटिक धातूचा भाऊबंद आहे. 'अमानत'ही त्याच घरातली. मराठीच्या तोंडी तिची अक्षरे उलटीसुलटी होऊन 'अनामत' झाली. काउंटरवर ठेवलेली किल्ली ही या जुन्या अर्थाने अनामतच होय.

आता आपण या प्रसंगी कसे वागतो ते पाहा. माझे एक स्नेही, रेल्वेतून निवृत्त झालेले, गाडी सर्व्हिसिंगला टाकली की दिवसभर तेथून हलत नाहीत. खुर्ची दिली तरी बसत नाहीत. मेकॅनिकच्या खांद्यावरून वाकून पाहतात. ते काय पाहतात हे त्यांना सांगता येणार नाही, कारण नट किती आवळावा हे त्यांना माहीत नाही. दुसरे एक गृहस्थ म्हणतात, "कंपनीचे सेंटर आहे, तेथे काय पाहावयाचे?" ते बिलही वाचत नाहीत. पहिल्यांचे वागणे अपमानकारक आणि दुसऱ्यांचे आळशीपणाचे, असे माझे मत आहे. पण दोघांची चूक एकच. विश्वास म्हणजे आपल्या मनात असलेली किंवा नसलेली एक भावना, असे दोघेही धरून चालतात.

शिवाय दुसऱ्या गृहस्थांच्या भरवशात थोडी सक्तीही मिसळलेली आहे. बाहेरच्या गॅरेजात ऑइल बदलले तर वॉरंटी जाईल, ही भीती अनेकांना सर्व्हिस सेंटरकडे नेते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार-निर्मात्या कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तेव्हा सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणे हा मुख्य आक्षेप होता. ग्राहकाने स्वतंत्र गॅरेजाकडून काम करवून घेतले एवढ्याच कारणाने वॉरंटी सरसकट रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. प्रकरण पुढे न्यायालयांत गेले. कायद्याचा तो भाग सोडून देऊ. परंतु दुसरीकडे जाण्याची वाट बंद करून मिळविलेल्या गिऱ्हाइकाला विश्वासू ग्राहक म्हणणे, हा शब्दाचा गैरवापर आहे.

दुरुस्ती, पैसा आणि इमान यांचा विचार करणारा एक जुना मजकूर दुसऱ्या राजांच्या बाराव्या अध्यायात आहे. उपासनेत तो फारसा वाचला जात नाही. त्यात सुतार, गवंडी आणि पाथरवट यांखेरीज पाहण्यासारखे काही नाही असे वाटत असावे. योआश राजाने याजकांना सांगितले होते की, लोकांकडून येणारा पैसा घ्या आणि मंदिराची मोडतोड दुरुस्त करा. राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी दुरुस्ती झाली नाही. याजकांनी पैसे खाल्ले, असे शास्त्र म्हणत नाही; काम झाले नाही, एवढेच म्हणते. मग राजाने याजकांना नवे उपदेश केले नाहीत. त्याने व्यवस्था बदलली. याजकांनी पैसा घेऊ नये व दुरुस्तीही करू नये असे ठरले. यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली. पेटीत पैसा बराच साठला की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक, असे दोघे मिळून तो मोजत, आणि तोलून कामावरील देखरेख करणाऱ्यांच्या हाती देत. ते सुतारांना, गवंड्यांना व पाथरवटांना मजुरी देत, लाकूड व चिरे विकत घेत. आणि या देखरेख करणाऱ्यांकडून हिशेब घेतला जात नसे. कारण ते 'एमूना'ने वागत. तेथे मराठीत 'इमान' हा शब्द योजावा असे मला वाटते. तो बाजारातला आहे, म्हणूनच त्या जागी शोभतो.

वाचकहो, हिशेब कोठे होता आणि कोठे नव्हता, हे नीट पाहा. पेटीपाशी चार डोळे होते. कामापाशी विश्वास होता. पैसा घेणारा आणि तो कामाला लावणारा, हे दोन हात जोवर एकाच अंगाला होते तोवर तेवीस वर्षे भिंती तशाच राहिल्या. ते हात वेगळे झाल्यावर हिशेब न मागण्याइतका मोकळेपणा आला. या मोकळेपणाला भाबडेपणा म्हणता येणार नाही, कारण मोह जेथे बसू शकला असता ती जागा आधीच पाहून ठेवलेली होती.

सर्व्हिस सेंटरात मोहाची जागा कोणती? आपला संशय बहुधा काळ्या हातांच्या मेकॅनिकवर पडतो. तो तरुण असतो, कमी पगाराचा असतो, आणि त्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते. परंतु त्याला दिलेले काम जॉब कार्डावर आधीच लिहिलेले असते. ते लिहिले जाते काउंटरवर. "साहेब, इंजिन फ्लश करून टाकू? अलाइनमेंटही बरेच दिवस झाले नाही." ही शिफारस करणाऱ्या सल्लागाराच्या पगाराचा काही भाग महिन्याकाठी किती रुपयांची कामे त्याने लिहून घेतली यावर अवलंबून असेल, तर गाडीला काय हवे हे सांगणारा आणि ते विकून लाभणारा माणूस एकच झाला. योआशाच्या पहिल्या तेवीस वर्षांतील व्यवस्था ती हीच.

याचा दाखला अमेरिकेत सापडतो. सीअर्स या प्रसिद्ध कंपनीची तेथे मोटार-दुरुस्ती केंद्रांची मोठी साखळी होती. ती कोणा मोटार-विक्रेत्याची कार्यशाळा नव्हे, पण काउंटर तोच. 1992 साली कॅलिफोर्निया राज्याच्या ग्राहक-व्यवहार विभागाने आरोप ठेवला की, विभागाच्या माणसांनी सामान्य ग्राहक म्हणून गाड्या नेल्या असता बहुतेक भेटींत त्यांच्या गळ्यात अनावश्यक कामे मारण्यात आली. चौकशीत जे पुढे आले ते महत्त्वाचे आहे. कंपनीने काही काळापूर्वी कमिशन आणि ठराविक कामांची ठराविक संख्या विकण्याची सक्ती सुरू केली होती. अखेर कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीरपणे मान्य केले की, या मोबदल्याच्या पद्धतीमुळे चुका घडाव्यात अशी परिस्थिती निर्माण झाली, आणि सल्लागारांसाठी ती पद्धत बंद करण्यात आली. त्या केंद्रांतील सर्वच माणसे अप्रामाणिक होती काय? मला तसे वाटत नाही. घरभाडे आणि मुलांची फी भरावयाची असलेल्या माणसाला दर आठवड्याला एका आकड्याच्या समोर उभे केले, आणि तो आकडा ठरविणारा मात्र दूर कोठेतरी वरच्या मजल्यावर बसला होता. आपल्या मंडळ्यांतील कित्येक तरुण अशाच काउंटरांवर नोकरी करतात, हेही येथे विसरू नये. विक्रेत्याच्या तोंडावर 'तुम्ही सगळे लुटारू' असे म्हणणे सोपे आहे. ते म्हणताना समोर कोण उभा आहे ते पाहावे.

म्हणून ऑइल बदलावयास जाल तेव्हा गाडीची पुस्तिका बरोबर न्यावी. निर्मात्याने किती किलोमीटरनंतर काय बदलावे ते त्यात लिहिलेले असते, आणि ज्याने ते लिहिले तो आज काउंटरवर बसून तुमचे जॉब कार्ड भरीत नसतो. पुस्तिकेबाहेरचे काम सुचविले गेले तर कारण विचारावे, आणि पटले नाही तर नम्रपणे नको म्हणावे. अंदाजपत्रक काम सुरू होण्यापूर्वी घ्यावे. जुना फिल्टर परत द्या, असे सकाळीच लिहून ठेवावे. कॅलिफोर्नियात तर ग्राहकाने आधी मागणी केल्यास बदललेले भाग परत देण्याचे बंधन कायद्यानेच घातले आहे. एवढे झाल्यावर मेकॅनिकच्या खांद्यावरून वाकून पाहण्याचे कारण उरत नाही. त्याला त्याचे काम करू द्यावे, आणि जमल्यास त्याचे नाव विचारून घ्यावे.

कोणी म्हणेल, जुना फिल्टर मागणे हाच अविश्वास नव्हे काय? याचे उत्तर मी माझ्या व्यवसायातून देतो. भाषांतर हीदेखील तिसऱ्या प्रकारची वस्तू आहे. ज्याला ग्रीक येत नाही त्या वाचकाला माझे वाक्य बरोबर की चूक हे आयुष्यभर कळणार नाही. म्हणून आमच्यात एक रीत आहे. मसुदा तयार झाला की, ज्याने मूळ पाहिलेले नाही अशा माणसाकडून त्याचे दुसऱ्या भाषेत उलट भाषांतर करवून घेतात, आणि तपासनीस ते मुळाशी ताडून पाहतो. मी लिहिलेले 'सोडविले' उलट फिरून 'विकत घेतले' म्हणून परत येते, आणि मग तासभर वाद चालतो. या रीतीने माझ्यावर कोणी संशय घेतला असे मला कधी वाटले नाही. मंडळ्यांचा मदतनिधी यरुशलेमेस नेताना पौलाने बरोबर इतर बंधू घेतले, आणि देवासमोर तसेच माणसांसमोरही व्यवहार चोख असावा म्हणून आपण असे करतो हे करिंथकरांस स्पष्ट कळविले. त्याच्यावर बोट ठेवले जाण्यापूर्वीच त्याने ही काळजी घेतली होती. इमानी माणसाला दाखविण्यात कमीपणा वाटत नाही. जुना फिल्टर मागितल्यावर जो मेकॅनिक तो कागदात गुंडाळून आणून देतो, त्याच्या चेहऱ्यावर हे वाचता येते.

काही सर्व्हिस सेंटरांनी आता प्रतीक्षागृह आणि कार्यशाळा यांच्यामध्ये मोठी काचेची भिंत बसविली आहे. ग्राहकाने हवे तेव्हा पाहावे, अशी त्यामागची कल्पना. मी अशा एका ठिकाणी बसलो होतो. काचेपलीकडे पाच गाड्या रॅम्पवर होत्या, मुले खाली उभी राहून ऑइल निथळण्याची वाट पाहत होती. अलीकडे चहा होता, गार हवा होती, आणि आम्हा सर्व ग्राहकांच्या खुर्च्या टीव्हीकडे तोंड करून मांडलेल्या होत्या.