गुरुत्व

चाकणच्या वजनकाट्यावर मालाने भरलेला ट्रक चढतो, पावती निघते, रिकाम्या गाडीचे वजन त्यातून वजा होते आणि मालाचा हिशोब लागतो. मात्र त्या काट्यावर ट्रक एकटा कधीच नसतो, त्याला ओढणारी पृथ्वीही तिथे असते आणि पावतीवरचा आकडा त्या दोघांच्या ओढीचा असतो, इकडे साधकहो, आपले लक्ष जात नाही. या ओढीचे नाव गुरुत्व.

गुरु म्हणजे मुळात जड. वैशेषिकांनी गुरुत्व हा द्रव्याचा गुण मानला, पतनाचे कारण म्हणून. पण गुण एकट्याचा असू शकतो, ओढीला दोघे लागतात. आणि न्यूटनने दाखवले की पृथ्वी ट्रकला जितकी ओढते तितक्याच बळाने ट्रकही पृथ्वीला ओढतो.

मग पृथ्वीचेच वस्तुमान काढायचे, तर तिला कोणत्या काट्यावर चढवावे? 1798 मध्ये कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने तारेला आडवी दांडी टांगली, तिच्या टोकांना शिशाचे लहान गोळे लावले, त्यांच्याजवळ सुमारे 158 किलोचे दोन मोठे गोळे आणले आणि अंगाच्या उबेनेही हवा हलू नये म्हणून खोलीबाहेरून दुर्बिणीतून दांडीचे सरकणे न्याहाळले. ती ओढ लहान गोळ्याच्या वजनाच्या काही कोटींतला एक हिस्सा! तरी एकाच गोळ्याला पृथ्वी किती ओढते आणि शिसे किती, हे कळल्यावर अंतरांचा हिशोब धरून पृथ्वी तोलता आली. ती पाण्याच्या सुमारे साडेपाच पट घन निघाली.

आकाशातल्या गुरूला तर शिशाचे गोळेही नकोत. आपला चंद्र 3,84,000 किलोमीटरवरून 27 दिवसांत फेरी पुरी करतो. गुरूचा आयो नावाचा चंद्र त्याहून थोड्या दूर, 4,22,000 किलोमीटरवर, तरी साडेबेचाळीस तासांत फिरून येतो. एवढी त्वरा ज्याच्या ओढीने येते तो 318 पृथ्वींएवढा जड असला पाहिजे, हे गणित आयोच्या चालीतून सुटते. ज्याला गुरु म्हणावे त्याचे गुरुत्व असे भोवती फिरणाऱ्यापाशी विचारावे लागते. आळंदीत निवृत्तिनाथांची थोरवी आपण ज्ञानोबांपाशीच तर विचारतो.

ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून आकुर्डीच्या मुक्कामी येते, कारखान्यांच्या भिंतींलगत टाळ वाजू लागतात, आणि विठ्ठलाने या साऱ्यांना ओढले असे आपण सहज म्हणून जातो. ते खरेच आहे. पण तोही पुंडलिकाकडे ओढला गेला होता, आणि त्याने फेकलेल्या विटेवर अजून उभा आहे.