शेजारच्या टेबलावरचे शिक्षण

फैजपूरच्या प्रांत कचेरीच्या अखत्यारीत यावल आणि रावेर हे दोन तालुके येतात. केळीच्या या पट्ट्यात जमिनीला मोल मोठे, म्हणून सातबाऱ्यावरच्या एकेका ओळीलाही मोल मोठे. पूर्वी ती ओळ तलाठी आपल्या दप्तरात हाताने लिहीत असे. ई-फेरफार प्रणाली आली आणि तीच ओळ अनेकांनी मिळून एका पडद्यावर लिहायची झाली. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले की त्याची माहिती तहसील कचेरीत येते. तलाठी फेरफार धरतो, नोटीस काढतो, हरकतीची पंधरा दिवसांची मुदत जाते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबारा बदलतो. यातला एकजण अडला की सगळ्यांचे काम अडते. 1 मे 2018 रोजी राज्यात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, तो तलाठ्यांनी जुने दप्तर आणि संगणकातली नोंद ओळीओळीने ताडून पाहिली म्हणून.

ही माणसे हे काम शिकली कशी? प्रशिक्षणे झाली, पुस्तिका निघाल्या. पण खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळत नाही आणि प्रणाली नोंद पुढे जाऊ देत नाही, अशा वेळी पुस्तिका फारशी कामाला येत नाही. कामाला येतो तो शेजारच्या सजाचा, म्हणजे शेजारच्या कार्यक्षेत्राचा, तलाठी, ज्याने असाच गट नुकताच सोडवलेला असतो. तो पडद्याचा फोटो पाठवतो, फोनवर सांगतो, वेळ पडली तर येऊन शेजारी बसतो. नवे तंत्र माणूस मुख्यतः आपल्याच कामातल्या माणसाकडून शिकतो, हा विचार आज साधा वाटतो. तो मान्य व्हायला मात्र काही दशके लागली.

त्याची सुरुवात कचेरीत नाही, शेतात झाली. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मक्याचे बियाणे 1928च्या सुमारास आले. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी दोन वस्त्यांतल्या 259 शेतकऱ्यांना ते कसे स्वीकारले हे विचारले आणि 1943 साली निष्कर्ष छापले. बियाण्याची वार्ता बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली होती; ते पेरण्याचा निर्णय मात्र शेजाऱ्याचे पीक पाहून आणि त्याच्याशी बोलून झाला. एव्हरेट रॉजर्स यांनी 1962 साली याच धाग्यावर नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात याची मांडणी केली. फैजपूरच्या वाचकाला हे पटवून द्यावे लागत नाही. बसराई केळीच्या कंदांवर पिढ्या काढलेला हा भाग ठिबककडे आणि ऊतिसंवर्धित ग्रँड नैन वाणाकडे वळला. कंपनीने आणि कृषी खात्याने माहिती दिली, पण मन वळवले ते बांधापलीकडच्या बागेतल्या घडाने आणि ‘खत किती दिवसांनी सोडलं?’ या प्रश्नाला मिळालेल्या सरळ उत्तराने.

मात्र शेतकरी एकेकटाही ठिबक बसवू शकतो. सगळ्यांनी मिळून वापरायच्या साधनाचे तसे नाही. म्हणून पुढचा टप्पा कामाच्या जागीच गाठला गेला. ज्युलियन ऑर यांनी झेरॉक्स कंपनीच्या यंत्रदुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर राहून त्यांचे काम पाहिले. त्यांचे पुस्तक 1996 साली आले. कंपनीचा भर दुरुस्तीच्या पुस्तिकेवर होता. तंत्रज्ञ मात्र चहा-जेवणाला एकत्र जमत आणि बिघाडांच्या हकिकती एकमेकांना सांगत, आणि अवघड यंत्रे त्या हकिकतींच्या आधाराने दुरुस्त होत. वरून पाहणाऱ्याला जो वेळ गप्पांत गेलेला दिसतो, त्यात खात्याचे ज्ञान साठत असते, ही ऑर यांची मोठी देणगी.

मग प्रश्न उरतो : मदत इतकी उपयोगी आहे, तर ती सगळीकडे का होत नाही? याचे उत्तर दोघांनी दिले. जोनाथन ग्रुडिन यांनी 1988 साली दाखवले की सामाईक संगणकप्रणाली अनेकदा फसते, कारण तिच्यासाठी जादा काम एकाला करावे लागते आणि लाभ दुसऱ्याला होतो. वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी 1992 साली एका सल्लागार कंपनीचा अभ्यास मांडला. तिथे माहिती वाटून घेण्यासाठी नवी प्रणाली आली होती. पण बढती स्पर्धेवर होती आणि प्रत्येक तास कुठल्या तरी ग्राहकाच्या नावे लावावा लागे. शिकण्याचा आणि शिकवण्याचा तास कोणाच्या नावे लावायचा? त्यामुळे प्रणाली आली, पण सहकार्य आले नाही.

हे निष्कर्ष आपल्या कचेऱ्यांना थेट लागू पडतात. फेरफार लवकर झाला तर लाभ शेतकऱ्याचा, कष्ट तलाठ्याचे. आणि शेजारच्या सजाला मदत करणाऱ्या तलाठ्याचे कष्ट तर कुठल्याच तक्त्यात येत नाहीत. त्याच्या स्वतःच्या प्रलंबित नोंदी मात्र मोजल्या जातात. आढावा बैठकीत त्याला मागे पडल्याचा जाब विचारला, तर पुढच्या वेळी तो फोन उचलेल का?

इथे एक भेद फार महत्त्वाचा वाटतो. करून देणे वेगळे, करायला शिकवणे वेगळे. ज्येष्ठ सहकाऱ्याची अडचण पाहून तरुणाने त्याचा पासवर्ड घ्यायचा, डिजिटल सहीचे टोकन स्वतःच लावायचे आणि नोंद मारून मोकळे व्हायचे, यात माया असेल, पण ती मदत नव्हे. सहीमागची जबाबदारी एकाची आणि बोट दुसऱ्याचे, अशी अवस्था जमिनीच्या दप्तरात धोक्याची असते. शिवाय ज्येष्ठ माणूस कायमचा परावलंबी होतो. उलट त्याच ज्येष्ठाला जुने हस्ताक्षर, पोटहिस्से, गावातली भाऊबंदकी ठाऊक असते, जी पडद्यावर दिसत नाही. तरुण बटणे शिकवतो, ज्येष्ठ नोंदीचा अर्थ शिकवतो. असा दुहेरी व्यवहार असेल तिथे शिकताना कमीपणा वाटत नाही, आणि प्रणाली त्या मातीत रुजते.

15 ऑगस्ट 2021पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. म्हणजे ज्याच्या नावाने दप्तर, तोही आता दप्तर लिहिणारा झाला. बांधावरचा शेजारी आणि टेबलाशेजारचा सहकारी या दोघांचे काम इथे एक झाले आहे.

म्हणून या विचाराचे पुढचे पाऊल प्रशासकीय असावे. मिशेल गँट आणि बॉनी नार्डी यांनी 1992 सालीच नोंदवले की काही कंपन्यांनी इतरांना संगणकप्रणालीत मदत करणाऱ्या सहकाऱ्याला त्यासाठी रीतसर वेळ आणि मान्यता दिली होती. आपल्याकडे प्रत्येक मंडळात अशा एका सहकाऱ्याच्या नावे आठवड्यातला अर्धा दिवस लावणे आणि त्याच्या गोपनीय अहवालात या कामाचा उल्लेख करणे, याला नवी यंत्रे लागत नाहीत. सॉफ्टवेअर, लॅपटॉप, सर्व्हर यांसाठी अंदाजपत्रकात जागा असते. ही सारी सामग्री ज्याच्यामुळे चालते, त्या माणसाच्या वेळेलाही तिथे जागा मिळाली पाहिजे.