बालशिबिर आणि बालकाचा होकार



मे महिना लागला व शाळांस सुट्टी पडली, म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत बालशिबिरांची लगबग सुरू होते. कोठें चार दिवसांचें, कोठें आठवड्याचें शिबिर भरतें. उपदेशक, शब्बाथशाळेच्या शिक्षिका, तरुणसंघांतील मुलेंमुली असे सर्व कामास लागतात. आणि शेवटीं जो वृत्तांत लिहिला जातो, त्यांत बहुतकरून असें एक वाक्य असतें कीं, इतक्या मुलांनीं आपलें अंतःकरण प्रभूस दिलें. असें वाक्य आम्हींही अनेक वेळां लिहिलें आहे. गेल्या उन्हाळ्यापासून मात्र तें लिहितांना आमची लेखणी अडखळते. ती कां अडखळते, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे. प्रश्न असा कीं, नऊदहा वर्षांच्या लेंकरापासून धर्माविषयीं होकार मागण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे? आणि तो होकार मिळाला, तर त्याचा अर्थ आम्हीं काय समजावा?

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांत चारठाणा हें जुनें गांव आहे. तेथील हेमाडपंती म्हणून ओळखलीं जाणारीं दगडी देवळें, कोरीव उंच स्तंभ व पायऱ्यापायऱ्यांची चिरेबंदी बारव पाहावयास लांबलांबचे अभ्यासक येतात. त्याच गांवाच्या शिवारांत, एका मळ्यांतील चिंचेखालीं, गेल्या मे महिन्यांत आम्हीं पांच दिवस शिबिर भरविलें. आसपासच्या खेड्यांतून त्रेचाळीस मुलें आलीं. मराठवाड्याचा तो उन्हाळा आपण जाणतांच. नऊ वाजले कीं जमीन तापते, आणि दुपारीं वाऱ्याच्या झळा सोसवत नाहींत. म्हणून पहाटे पांच वाजतां उठणें, तोंड धुऊन प्रार्थना, ऊन चढण्यापूर्वीं पवित्रशास्त्रांतील गोष्टी व पाठांतर, दुपारीं सावलींत बसून चित्रें काढणें व मातीचीं खेळणीं करणें, सायंकाळीं लंगडी, खो-खो व आट्यापाट्या, आणि रात्रीं पेटी, ढोलकी व झांजा घेऊन भजन, असा आमचा क्रम होता. पिण्याचें पाणी टँकरनें येई. भाकरी गांवांतील भगिनी थापून देत.

अशा पांच दिवसांत जें घडतें, तें वर्षभराच्या उपदेशांत घडत नाहीं असें आम्हांस वाटतें. पहिल्या रात्रीं चारपांच लहानगीं आईच्या आठवणीनें रडतात. त्यांस मोठ्या मुली कुशींत घेऊन निजवितात, आणि दुसऱ्याची काळजी वाहणें म्हणजे काय हें त्या मुली त्या रात्रीं शिकतात. ज्या घरांत मुलग्यानें कधीं ताट उचललें नाहीं, त्या घरचा मुलगा पंगतीनंतर खरकटीं काढतो. गांवांत ज्यांच्या वस्त्या वेगळ्या व पाणवठे एके काळीं वेगळे, त्यांचीं मुलें येथें एका ओळींत बसून एका पातेल्यांतलें वरण जेवतात. आमच्या मंडळ्यांतसुद्धां जुन्या जातीचा वास अजून पुरता गेलेला नाहीं, हें आपण नाकारूं नये. त्यावर शंभर प्रवचनें जितकी मात्रा चालवीत नाहींत, तितकी एक पंगत चालविते. हें सर्व सेवाकार्यच होय, आणि तें कोणाचाही होकार न मागतां होत असतें.

आतां शेवटच्या रात्रीची गोष्ट. भजन रंगलें होतें, कंदिलाची ज्योत बारीक केली होती, मुलें दमलेलीं पण हर्षभरित होतीं. आम्हीं वधस्तंभाची कथा सांगितली. कांहीं मुलांच्या डोळ्यांत पाणी आलें, आमच्याही आलें. तेव्हां आम्हीं म्हटलें, ज्यांस आपलें जीवन प्रभूस द्यावयाचें आहे, त्यांनीं हात वर करावा. कांहीं हात वर झाले. आम्हीं पुन्हा विचारलें. आणखी झाले. आम्हीं तिसऱ्यांदा विचारलें, आणि त्रेचाळिसांपैकीं एकेचाळीस हात वर होते. आम्हीं आनंदानें ती संख्या टिपून घेतली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पोहे वाढतांना एका शिक्षिकेनें विचारलें, आणखी कोणाला हवेत? तेच हात तितक्याच उत्साहानें वर झाले. आम्हांस हसूं आलें. पण तें हसूं फार वेळ टिकलें नाहीं. थोड्या वेळानें सतरंज्या गुंडाळतांना, रात्रीं ज्यानें हात वर केला नव्हता असा एक दहा वर्षांचा मुलगा आमच्याजवळ होता. तो आमच्या मंडळींतील नव्हता. शेजारच्या मित्राबरोबर आला होता. आम्हीं त्यास सहज विचारलें, बाळ, तूं रात्रीं हात कां वर केला नाहींस? तो म्हणाला, “पाळकसाहेब, येशूची गोष्ट मला लई आवडली. पण बाबाला इचारलं नव्हतं. आन् हात वर केला असता तर तुम्हाला बरं वाटलं असतं, पण देवाला काय कबूल केलं ते मलाच कळलं नसतं.”

चार दिवसांनीं त्याचे वडील आम्हांस बाजारांत भेटले. मुलानें त्यांस सर्व सांगितलें होतें. ते रागावले नव्हते, हेंच आम्हांस अधिक लागलें. ते म्हणाले, “साहेब, पोराला गाणी शिकवा, गोष्टी सांगा. घरी आल्यापासून तो बहिणीला मारीत नाही, त्याचा आनंद आहे. पण माझ्या पाठीमागं माझ्या पोराकडून कबुली घेऊ नका. तुमच्या पोराकडून माझ्या देवाची कबुली मी अशी घेतली, तर तुम्हाला कसं वाटंल?”

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. दुसऱ्यांनीं आपणांशीं जसें वागावें असें आपणांस वाटतें, तसेंच आपण त्यांच्याशीं वागावें, ही प्रभूची आज्ञा आम्ही मुलांस पाठ करून घेत होतों, आणि ती आमच्याच दारीं परत आली होती.

याच प्रांताशीं संबंध असलेली एक जुनी हकीकत या ठिकाणीं आठवते. चारठाण्याहून जो रस्ता जालन्याकडे जातो, त्या जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्री यांनीं निजामाच्या राज्यांत असतां बेथेल नांवाची ख्रिस्ती वस्ती वसविली. त्यांचें कार्य थोर होतें, आणि १८९१ सालीं ते निवर्तल्यावरही त्यांचें नांव या भागांत राहिलें. त्यांनीं १८४३ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत सुमारें बारा वर्षांचा होता. तोही मिशनरींच्या घरीं राहावयास गेला. बापानें सुप्रीम कोर्टांत दाद मागितली, व कोर्टानें मुलगा बापाच्या स्वाधीन केला. पुढें त्यास जातींत परत घ्यावें कीं नाहीं, यावरून मुंबईच्या ब्राह्मणमंडळींत मोठी दुफळी माजली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर हे परत घेण्याच्या पक्षास उभे राहिले. या प्रकरणांत कोणाचें कितपत चुकलें हें ठरविण्यास आम्ही बसलों नाहीं. आमच्या डोळ्यांपुढें राहतो तो एवढाच देखावा कीं, वडील माणसांच्या दोन फळ्या समोरासमोर उभ्या आहेत, प्रत्येकीस आपला पक्ष सत्याचा वाटतो, आणि मधोमध एक बारा वर्षांचें पोर उभें आहे. तसें पोर आमच्या हातून पुन्हा मध्यें उभें राहूं नये.

यावर आपणांपैकीं कोणी म्हणतील, “पाळकसाहेब, आपण भित्रे झालां. प्रभूनें बालकांस आपणांकडे येऊं देण्यास सांगितलें; आपण त्यांस अडवितां.” हा आक्षेप लहान नाहीं, म्हणून तो प्रसंगच नीट वाचून पाहूं. आईबाप आपलीं लेंकरें स्वतः घेऊन आले होते. शिष्य अडवीत होते. प्रभु शिष्यांवर रागावला. पुढें त्यानें काय केलें? लेंकरांस जवळ घेतलें, त्यांच्यावर हात ठेवले, त्यांस आशीर्वाद दिला. त्यानें त्यांस एकही प्रश्न विचारला नाहीं. त्यांच्याकडून शपथ घेतली नाहीं. किती आलीं हें त्यानें मोजलें नाहीं, आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्यानेंही ती संख्या लिहून ठेविली नाहीं. हात वर झाले ते मुलांचे नव्हते. हात प्रभूचे होते, आणि ते मुलांच्या मस्तकावर होते.

दुसरे म्हणतील, “शमुवेल बालकच होता कीं नाहीं? देवानें त्यास हांक मारली.” खरें आहे, आणि देव आजही बालकांस हांक मारतो, याविषयीं आमच्या मनांत संशय नाहीं. परंतु त्या रात्रीं वृद्ध एलीनें काय केलें तें पाहा. त्यानें मुलास उठवून उत्तर द्यावयास भाग पाडलें नाहीं. तीन वेळां मूल धांवत आलें, तेव्हां कोठें त्यास उमजलें कीं हांक मारणारा आपण नव्हे. मग त्यानें मुलास परत आपल्या जागीं निजावयास पाठविलें, आणि पुन्हा हांक आली तर काय म्हणावें एवढें शिकविलें. पुढचें बोलणें देवाचें व मुलाचें झालें. एली त्या वेळीं खोलींतही नव्हता. आमचा दोष असा कीं, एलीचें काम सोडून आम्हीं हांक मारणाऱ्याचेंच काम घेतलें, आणि तेंही तीनदां.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. “आपण नाहीं विचारलें, तर मोबाइल विचारील, बाजार विचारील, कोवळें मन कोणी तरी वळवणारच.” हें आम्हांस मान्य आहे. पण मोबाइल जसें मन वळवितो, तसेंच आम्हींही वळवावें काय? दमलेलें अंग, मंद उजेड, गोड सूर आणि शेजाऱ्याचा वर झालेला हात यांच्या जोरावर जो होकार येतो, तो उद्यां दुसरा सूर ऐकून दुसरीकडे जाईल. जें सत्य आहे, त्यास मुलाच्या थकव्याचा फायदा घेण्याची गरज नाहीं.

मुलांसाठीं जीं मोठीं कार्यें उभीं राहिलीं, त्यांचा आरंभही साधाच होता. जोसाया स्पायर्स यांनीं १८६७ सालीं लंडनमध्यें मुलांसाठीं निराळी उपासना सुरू केली. पुढील उन्हाळ्यांत वेल्सच्या समुद्रकांठीं त्यांनीं देवाच्या प्रीतीचें एक लहानसें वचन वाळूंत कोरलें, व जवळ खेळणाऱ्या मुलांकडून तें शंखशिंपल्यांनीं सजवून घेतलें. न्यूयॉर्क शहरीं १८९८ सालीं हॉजबाईंनीं रस्त्यांवर भटकणाऱ्या गरीब मुलांसाठीं बिअरचें एक दालन भाड्यानें घेऊन उन्हाळी शाळा भरविली. आमच्याकडे रेव्ह. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला, आणि लक्ष्मीबाईंचा १९०० सालीं. एका घरच्या माणसासाठीं पांच वर्षें थांबावें लागतें. मग परक्याच्या लेंकरासाठीं आम्हांस पांच दिवसांत घाई कसली?

तर मग शिबिरांत कांहींच सांगूं नये काय? असें मुळींच नाहीं. मोकळ्या मनानें सांगावें, गोड करून सांगावें, प्रश्न विचारूं द्यावेत. पण आम्हीं आपल्या मनाशीं कांहीं गोष्टी ठरविल्या आहेत. शिबिरास येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईबापांस अगोदर घरीं जाऊन भेटावें, तेथें काय शिकविलें जातें तें लपवूं नये, आणि त्यांची परवानगी असेल तरच मूल न्यावें. खाऊ, वही किंवा कपडा यांचा संबंध धर्माशीं लावूं नये. हात वर करवूं नयेत व मोजूं नयेत. ज्या मुलास कांहीं बोलावयाचें असेल, त्यानें दिवसाच्या उजेडांत, आपल्या मनानें येऊन बोलावें. आणि तें जें बोलेल, तें त्याच्या आईबापांपासून चोरून ठेवण्यास आम्हीं त्यास शिकवूं नये.

ख्रिस्ती आईबापांसही एक शब्द सांगणें प्राप्त आहे. आपणांपैकीं पुष्कळांस वाटतें कीं, मूल शिबिरास पाठविलें म्हणजे आपलें कर्तव्य झालें. तीमथ्याचा विश्वास त्याच्या आजींत व आईंत आधीं नांदत होता, असें पौल लिहितो; तो कोण्या शिबिरांतून आला असें लिहीत नाहीं. पांच दिवस मूल पहाटे प्रार्थना करून घरीं येतें, आणि घरीं त्यास शिव्या, दारू व भांडण दिसतें. मग पुढील मे महिन्यांत तेंच मूल पुन्हा हात वर करतें, त्याच्या पुढील वर्षींही करतें. आमच्या शेतकरी बांधवांस दुबार पेरणीचें दुःख सांगावयास नको. मृग बरसण्याची वाट न पाहतां घाईनें पेरलें, वर पाऊस आला नाहीं, बीं करपलें, आणि कर्ज काढून तेंच वावर पुन्हा पेरावें लागलें. कित्येक मुलांच्या अंतःकरणांत आम्हीं अशी दुबार, तिबार पेरणी केली आहे. आणि दर वेळीं ती नवें पीक म्हणून वृत्तांतांत लिहिली आहे.

आम्हीं त्या शिबिराचा वृत्तांत पुन्हा लिहिला. एकेचाळीस ही संख्या खोडून टाकली, आणि त्रेचाळीस मुलें पांच दिवस आनंदानें एकत्र राहिलीं व जेवलीं, एवढेंच लिहिलें. या वर्षींही तो दहा वर्षांचा मुलगा येईल अशी आशा आहे. आम्ही त्याच्या वडिलांस विचारावयास जाणार आहों. तो हात वर करील कीं नाहीं, हें आम्ही त्यास विचारणार नाहीं. पण ज्यानें आपल्या बापाचा मान राखला, आणि जें कळलें नाहीं तें देवास कबूल करण्याचें नाकारलें, तें मूल सत्यापासून फार दूर आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

उपदेशक बांधवांनीं यंदाच्या शिबिरापूर्वीं या गोष्टीचा आपल्या मनाशीं विचार करावा, इतकीच विनंति.