साबणाची वडी आणि वंदनेची मेणबत्ती



आपल्या घरात आता देव्हारा नाही. तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा आहे. सायंकाळी तिच्यापुढे मेणबत्ती लावून आपण त्रिशरण-पंचशील म्हणतो. आज त्या मेणबत्तीविषयी आणि न्हाणीतल्या साबणाच्या वडीविषयी सांगणार आहे. दोन्ही घरी करता येतात आणि दोन्हींत धम्माचा धडा आहे.

माझी आजी सांगत असे, दुकानदार साबणाची वडी तिच्या हातावर वरून टाकी. तिचे पैसे मात्र पाणी शिंपडून उचली. आजी रोज साबण लावी, तरी विटाळ गेला नाही. कसा जाणार? तो तिच्या अंगावर नव्हताच, दुकानदाराच्या मनात होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी शेण-गोमूत्र ओतून ते तळे 'शुद्ध' केले! मळ कशाला म्हणावे हेच ज्यांना कळले नाही, त्यांनी आपल्याला अस्वच्छ म्हटले.

मज्झिम निकायातील वत्थूपम सुत्तात तथागतांनी दृष्टान्त दिला आहे की मळक्या कापडावर रंग नीट चढत नाही, चित्ताचेही तसेच. नदीच्या स्नानाने दुष्कर्म धुतले जात नाही, हेही तेथेच सांगितले आहे. अंग साबणाने धुवावे, चित्त शीलाने.

आता कृती ऐका. एक किलो खोबरेल तेलाला १७० ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि सुमारे ३५० ग्रॅम पाणी घ्यावे. सर्व तराजूवर मोजावे, अंदाज चालत नाही. सोडा पाण्यात हळूहळू टाकावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, ते उसळून अंगावर येते. भांडे स्टीलचे घ्यावे, ॲल्युमिनियमचे नको. हातमोजे व चष्मा घालावा, मुलांना दूर ठेवावे, काम मोकळ्या हवेत करावे. द्रावण निवले की कोमट तेलात ओतून कढीसारखे दाट होईपर्यंत घोटावे आणि साच्यात भरावे. घट्ट होताच वड्या कापाव्या, पण चार आठवडे वाळवल्यावाचून वापरू नयेत.

घाई का नको? संयोग पुरा झाला नाही, तर वडी दिसते साबणासारखी, पण कातडी भाजते. आपल्या दीक्षेचेही तसेच आहे. भिंतीवर बुद्धाची प्रतिमा आणि कपाटात अंगारा, अशी घरे मी पाहिली आहेत. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या एका दिवसापुरत्या नव्हेत. त्या आचरणात मुरू द्या.

मेणबत्ती सोपी आहे. पॅराफिन मेण थेट विस्तवावर न ठेवता उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे. साच्याच्या मधोमध सुती वात ताणून मेण ओतावे. मेण पेटलेच तर पाणी टाकू नये, शेगडी बंद करून भांड्यावर झाकण ठेवावे. मग एक मेणबत्ती लावून तिच्यावर काचेचा पेला उपडा घाला आणि मुलांना दाखवा. हवा संपली की ज्योत जाते. मेण, वात, हवा ही कारणे आहेत तोवर ज्योत आहे. पटिच्चसमुप्पादाचा हा पहिला पाठ. ती ज्योत कोणाचा नवस फेडत नाही. प्रज्ञेची आठवण देते, एवढेच तिचे काम.

आमच्या वस्तीतील एका मावशींनी विचारले, "बाई, आपल्या हातचा साबण गावात कोण घेईल?" मी म्हणाले, "मावशी, काही जण घेणार नाहीत. पण आधी आपण तर घेऊ!" शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष या पाच व्यापारांपासून उपासकाने दूर राहावे, असे तथागतांनी सांगितले. साबण, मेणबत्ती ही सम्यक आजीविका आहे. मात्र विक्रीसाठी अंगाचा साबण करायचा तर सरकारी परवाना लागतो. तो काढूनच धंदा करावा. खोटे माप देऊ नये, नाहीतर दुसरे शील मोडते.

ज्या हातांचा स्पर्श नाकारला गेला, त्याच हातांनी लोकांचा मळ काढणारी वस्तू घडावी, याहून चोख उत्तर कोणते? येत्या पौर्णिमेला घरच्या साबणाने अंग धुवा, घरची मेणबत्ती लावा आणि पंचशील अर्थ समजून म्हणा.

जयभीम! नमो बुद्धाय!