घंटा वाहणारे खांदे

स्पेनमधल्या कॉर्डोबाला, म्हणजे आपल्या कुर्तुब्याला जाणारा मुसलमान आपले दुःख सोबत घेऊनच जातो. आम्हीही नेले होते. इक्बाल १९३३ साली तिथे जाऊन आले आणि त्यांनी ‘मस्जिदे कुर्तुबा’ ही नज्म लिहिली, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ग्वादलक्विवीर नदीवरचा जुना रोमन पूल ओलांडून त्या दगडी भिंतींपाशी पोहोचलो, तेव्हा डोळे आधीच भरून आले होते.

आत ८५६ खांब आणि त्यांवर लाल-पांढऱ्या दुहेरी कमानी. पहिल्या अब्दुर्रहमानने ही मशीद ७८५ च्या सुमारास बांधायला घेतली. १२३६ साली फर्डिनंड तिसऱ्याने शहर जिंकले आणि मशिदीचे कॅथेड्रल झाले. १५२३ मध्ये मधले खांब पाडून उंच चर्च उभारण्याचे काम सुरू झाले. शहराच्या ख्रिस्ती नगरसभेनेच त्याला विरोध केला होता. पण बादशहा पाचव्या चार्ल्सने परवानगी दिली. आज तिथे मिस्सा होते, नमाजाला मनाई आहे. मिहराबासमोर कठडा आहे. आम्ही तिथे हात खाली सोडून उभे राहिलो.

आपले गेले, एवढेच मनात होते. पण मग घंटांची हकिकत आठवली. ९९७ मध्ये कुर्तुब्याचा सेनापती अल-मन्सूर याने सान्तियागोवर स्वारी केली आणि तिथल्या चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून इथे आणवल्या. मशिदीत त्यांचे दिवे झाले. १२३६ मध्ये फर्डिनंडने त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून परत पाठवल्या, असे इतिवृत्तकार सांगतात. घंटा त्याच होत्या, बदलले ते फक्त खांदे.

यातल्या कोणत्या खांद्यांसाठी रडायचे? फक्त दुसऱ्या खेपेच्या?

६ डिसेंबर १९९२ रोजी काय गेले, ते आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. जिंकणाऱ्याची ताकद हा प्रार्थनास्थळावरचा हक्क नव्हे, असे आम्ही तेव्हापासून म्हणत आलो. पण २०२० साली इस्तंबूलची आयासोफिया पुन्हा मशीद झाली, तेव्हा आमच्यातले काही आनंदले. ५३७ साली चर्च म्हणून पूर्ण झालेली, १४५३ च्या विजयानंतर मशीद झालेली आणि १९३४ च्या निर्णयाने संग्रहालय ठरलेली ती वास्तू. अयोध्येला एक तराजू आणि इस्तंबूलला दुसरा, असे कसे चालेल?

कुणी म्हणेल, दुबळ्यांनीच न्यायाचा हिशेब का ठेवायचा? प्रश्न खोटा नाही. पण दुबळ्याच्या हाती न्यायाशिवाय दुसरे आहे तरी काय? तोही आपल्या सोयीने वापरला, तर आमचे दुःख म्हणजे हरलेल्याची चिडचिड एवढेच उरते.

वाट आपल्याच परंपरेत आहे. हजरत उमर (रजि.) जेरुसलेममध्ये आले, तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरूने त्यांना चर्चमध्येच नमाज पढण्याची विनंती केली, अशी रिवायत आहे. त्यांनी ती नाकारली आणि बाहेर नमाज पढली. का, तर उमरने इथे नमाज पढली म्हणून पुढे मुसलमान या जागेवर हक्क सांगतील! जिंकलेला माणूस आपल्याच माणसांच्या लोभापासून दुसऱ्याचे देवघर राखत होता.

त्या कठड्यापाशी आम्ही मनातल्या मनात दुआ मागितली. दोन्ही खेपांच्या खांद्यांसाठी.