हिंसा आपोआप ओसरत नाही

एप्रिल १८०१. बंडखोरी आणि लुटालूट केल्याच्या आरोपावरून पकडलेल्या विठोजी होळकराला पुण्यात आणले गेले. आधी फटके मारले, मग हत्तीच्या पायाला बांधून लोकांदेखत ओढत नेले. दुसरा बाजीराव पेशवा हे सगळे स्वतः पाहत होता. पुढच्या वर्षी, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, विठोजीचा भाऊ यशवंतराव याने हडपसरच्या लढाईत पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या. बाजीराव पळाला आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याने वसईला इंग्रजांशी तह केला. शाळेत आपण हा तह शिकतो, मराठेशाही कशी बुडाली ते शिकतो. राज्यकर्ता एका माणसाला असे मारतो, तेही राजधानीत, उघड्यावर, आणि त्यात कुणाला लपवण्यासारखे काही वाटत नाही, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

हे फक्त आपल्याकडे घडत होते असेही नाही. २८ मार्च १७५७ रोजी पॅरिसमध्ये दामियाँ नावाच्या माणसाला भर चौकात चार घोड्यांना बांधून फाडण्यात आले. त्याने राजावर चाकूने हल्ला केला होता. राजा किरकोळ जखमी होऊन वाचला होता. दामियाँचा देहदंड पाहण्यासाठी लोकांनी आजूबाजूच्या घरांच्या खिडक्या भाड्याने घेतल्या होत्या. त्याच फ्रान्समध्ये शेवटचा जाहीर शिरच्छेद १९३९ साली झाला आणि १९८१ साली देहदंडाची शिक्षाच रद्द झाली. आज जगातल्या बहुतेक सरकारांना माणूस मारायचा असेल तर भिंतीआड मारावा लागतो. हा बदल खरा आहे आणि मोठा आहे. तो नाकारणाऱ्यांशी माझे जमत नाही.

मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी २०११ साली एक जाडजूड ग्रंथ लिहून असे मांडले की माणसाच्या इतिहासात हिंसा एकंदरीत कमी होत आली आहे. त्यांच्या पुराव्यांतला सर्वांत भक्कम भाग खुनांचा आहे. इंग्लंडमध्ये मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांची चौदाव्या शतकातली दप्तरे शिल्लक आहेत. त्यांच्यावर काम करणाऱ्या संशोधकांच्या हिशेबाप्रमाणे त्या काळी ऑक्सफर्डमध्ये दर लाख लोकांमागे वर्षाला साठ ते पंच्याहत्तर खून होत, आणि मारणारे व मरणारे बहुतेक तिथले विद्यार्थी असत. लंडनच्या दप्तरात वाम मासे विकणाऱ्या एकाची नोंद आहे. त्याने माशांची कातडी दुकानांसमोरच्या रस्त्यावर टाकली, त्यावरून दुकानदारांशी बाचाबाची झाली आणि त्यात त्याचा जीव गेला. आज इंग्लंडमध्ये खुनाचे प्रमाण लाखामागे एकाच्या आसपास आहे. रस्त्यावरचा कचरा आणि त्यावरून होणारी भांडणे काही थांबलेली नाहीत. कंबरेचा सुरा गेला, कोर्ट आले, आणि अपमान झाला तर रक्तच सांडले पाहिजे ही समजूत हळूहळू गेली.

आपल्याकडचा आलेखही उतरलेला आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे १९९२ साली भारतात लाखामागे साडेचारच्या वर खून होत होते. २०२२ साली हा दर २.१ होता, म्हणजे २८,५२२ खून. तीस वर्षांत निम्म्याहून कमी. बातम्या पाहून देश रसातळाला चालला आहे असे मानणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा एकदा डोळ्यांखालून घालावा.

पण त्याच अहवालातला दुसरा रकानाही पाहावा. नव्वदच्या दशकात खुनाच्या प्रयत्नाचे गुन्हे खुनांपेक्षा कमी नोंदले जात. २०१५ साली खून ३२ हजारांच्या आसपास होते आणि खुनाचे प्रयत्न सुमारे ४६ हजार. आता ते खुनांच्या दुप्पट आहेत. नोंदी करण्याची पद्धत बदलली, पूर्वी दाबले जाणारे गुन्हे आता दाखल होतात, हे त्याचे एक कारण असणार. दुसरे कारण दवाखान्यात आहे. पोटात चाकू लागलेला माणूस चाळीस वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी पोहोचेपर्यंत दगावत असे. आज १०८ची गाडी येते, रक्त मिळते, शस्त्रक्रिया होते. वार करणाऱ्याचा हात तितक्याच जोराने उठला असेल, पण मेलेल्यांच्या यादीत एक नाव कमी होते. खुनाचा दर उतरला म्हणजे माणूस तितकाच शांत झाला, असे म्हणण्याआधी हा डॉक्टरांचा वाटा वजा करायला हवा. तो नेमका किती, हे या दोन रकान्यांवरून काढता येत नाही.

मोजणीचा आणखी एक प्रश्न मला जास्त सलतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत गावातल्या जमावाने एका दलित कुटुंबातल्या आईला, मुलीला आणि दोन मुलांना मारले. न्यायालयाने खून मान्य केले, आरोपींना दोषी ठरवले, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा या प्रकरणाला लागू केला नाही. लाखामागच्या दरात ते चार मृत्यू दशांश चिन्हानंतरही दिसत नाहीत. ते कुणी केले, कुणाला धडा शिकवण्यासाठी केले, त्यानंतर आसपासच्या किती वस्त्या किती वर्षे दबून राहिल्या, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. जिथे एका समाजाने मान खाली घालूनच राहायचे ठरलेले असते, तिथे खून कमीच होतात. तिथल्या आकड्याला शांततेचा पुरावा मानणे मला मान्य नाही.

युद्धांबाबत तर पिंकर यांचा दावा फारच कच्चा आहे. लुईस फ्राय रिचर्डसन हा इंग्रज शास्त्रज्ञ हवामानाचे गणित मांडणाऱ्यांतला आद्य माणूस. क्वेकर असल्याने तो पहिल्या महायुद्धात लढला नाही. फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत राहिला. युद्धानंतर हवामान खाते हवाई मंत्रालयाखाली गेले तेव्हा त्याने नोकरी सोडली. पुढे त्याने एका माणसाच्या खुनापासून महायुद्धापर्यंत सगळी प्राणघातक भांडणे एकाच मापावर मांडली. त्याला दिसले की युद्धांच्या तारखांना काही लय नाही, ती यदृच्छेने येतात. आणि दोन महायुद्धांत मेलेली माणसे मधल्या आकाराच्या सगळ्या युद्धांना झाकून टाकतात. अशा गोष्टीत मधला शांत काळ फारसे काही सिद्ध करत नाही. सत्तर वर्षांत मोठा पूर आला नाही म्हणून पूररेषेच्या आत घरे बांधण्यासारखेच ते आहे. संशोधक ॲरन क्लॉसेट यांनी २०१८ साली गणित मांडून दाखवले की १९४५ नंतरची शांतता हा खरोखरचा बदल आहे असे म्हणायचे असेल, तर ती आणखी शंभर ते एकशे चाळीस वर्षे टिकावी लागेल. टिकण्याची लक्षणे आज तरी दिसत नाहीत. उप्साला विद्यापीठाच्या नोंदीप्रमाणे २०२४ साली जगात सरकारे सामील असलेले ६१ सशस्त्र संघर्ष चालू होते. १९४६ पासूनचा हा उच्चांक आहे.

पिंकर ज्यांच्या सिद्धांतावर उभे आहेत ते नॉर्बर्ट एलियास जर्मन ज्यू होते. युरोपातला माणूस शतकानुशतके स्वतःला आवरायला कसा शिकला, हे सांगणारा त्यांचा ग्रंथ १९३९ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर काही वर्षांतच त्यांची आई नाझींच्या मृत्युछावणीत मारली गेली. तिला मारणारे लोक जेवायच्या टेबलावर काटा-चमचा नीट धरणारेच होते. सिद्धांत खोटा ठरला असे मी म्हणणार नाही. पण रस्त्यावरची मारामारी थांबवणारे जे राज्य, तेच मारायला उठले की त्याला आवरणारे कुणी उरत नाही. बाजीरावाकडे हत्ती होता. आजच्या सरकारांकडे अण्वस्त्रे आहेत.

म्हणून 'हिंसा कमी होत आहे का' या प्रश्नाचे माझे उत्तर असे: काही हिंसा कमी झाली, ती काही माणसांनी कमी केली, आणि त्यांनी हात आखडला की ती परत येते. शाळेचेच पाहा. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेक मराठी माणसांना मास्तरांची छडी, उलट्या हातावर बसलेली पट्टी, कोंबडा करून उभे करणे ठाऊक आहे. घरी सांगितले तर वडील आणखी दोन लगावत. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतली मारहाण बेकायदा ठरवली. ती पूर्ण थांबलेली नाही. तरी आज मुलाच्या हातावर वळ दिसला तर पालक मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहतात. एका पिढीत एवढे बदलले.

घरातल्या बाईच्या बाबतीत मात्र एवढे झालेले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ साली, लग्न झालेल्या ३१ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. पाचव्या फेरीत, २०१९-२१ साली, हे प्रमाण २९ टक्के झाले. याच फेरीत ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य मानले. ऑक्सफर्डच्या गल्लीतला सुरा जायला शतके लागली. आपल्या घरातला हात खाली यायला तितकी वाट पाहण्याचे काहीही कारण नाही, कारण कायदा आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे, अशी हिंसा होत आहे असे मानायला कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. पीडित स्त्री कळवणाऱ्याच्या नात्यातली असायला हवी असे नाही. सद्‌हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. शेजारच्या भिंतीपलीकडून आवाज येत असेल तर टीव्ही मोठा करू नका. दार वाजवा, ११२ लावा, आणि दुसऱ्या दिवशी संरक्षण अधिकाऱ्याकडे जा.